घरी शिकणाऱ्यांसाठी तालुक्याची प्रयोगशाळा खुली करावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शाळेत न जाता घरी अभ्यास करणारी मुले म्हणजे नापास झालेली किंवा शिक्षण सोडून दिलेली मुले, असा समज आमच्या भागात पक्का आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात राहते. माझे वय १७ वर्षे आहे. गावातील शाळा संपल्यानंतर पुढच्या शाळेसाठी एसटीचा भरवसा राहिला नाही, तेव्हा आई-वडिलांच्या संमतीने मी घरीच अभ्यास करायचे ठरवले, शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी उत्तीर्ण झाले आणि आता राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) विज्ञानाचे विषय घेऊन बारावी करीत आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात बी.एस्सी. कृषीला प्रवेश मिळावा, ही माझी इच्छा आहे.

हा मार्ग आडवाटेचा असला तरी पूर्णपणे अधिकृत आहे. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटापुरता आहे. त्यापुढे कसे शिकायचे हे विद्यार्थी आणि पालक ठरवू शकतात. मुक्त विद्यालयाची परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते, एकदा केलेली नोंदणी पाच वर्षे चालते आणि विषय थोडे थोडे करून देता येतात. सोयाबीनच्या सोंगणीपासून कापूस वेचणीपर्यंत ज्या घरात सगळ्यांनाच वावरात राबावे लागते, त्या घरातील मुलीसाठी ही सवलत किती मोलाची आहे हे शेतकरी वाचकांना सांगायला नको.

घरी शिकलेल्या मुंबईच्या एका मुलीला दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राविना, आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिम्पियाडमधील पदकांच्या बळावर, २०१६ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या नामांकित तंत्रज्ञान संस्थेत प्रवेश मिळाला, तेव्हा तिचे सर्वत्र कौतुक झाले आणि ते रास्तच होते. परंतु तिचे उदाहरण ऐकून कोणी प्रमाणपत्राकडे दुर्लक्ष करू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. आपल्याकडील विद्यापीठाचा रस्ता बारावीच्या गुणपत्रिकेवरूनच जातो, आणि विज्ञान घेतलेल्यांसाठी त्या गुणपत्रिकेत प्रात्यक्षिकाचे गुणही असतात.

खरी अडचण इथेच आहे. पाठ्यपुस्तके आंतरजालावर विनामूल्य मिळतात, रात्री वीज असेपर्यंत वाचन होते, गणिते अडली तर शिकवणारी चित्रफीत सापडते. पण रसायनशास्त्रातील अनुमापन मोबाइलवर शिकता येत नाही. ब्युरेटमधून, म्हणजे तोटी असलेल्या मापाच्या काचनळीतून, थेंब थेंब द्रावण सोडताना फिकट गुलाबी रंग नेमका कोणत्या थेंबाला टिकतो हे पडद्यावर दिसते, मात्र तोटी कुठे थांबवायची हे हाताला कळण्यासाठी हात तोटीवरच असावा लागतो. मुक्त विद्यालयाचे अभ्यास केंद्र माझ्या गावापासून दूर आहे. म्हणून जवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात, सुट्टीच्या दिवशी, शुल्क घेऊन आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली काही प्रयोग करू द्यावेत अशी विनंती मी केली. तुम्ही आमच्या पटावर नाही, त्यामुळे तसे करता येणार नाही, असे उत्तर मिळाले. त्यांनाही दोष कसा द्यावा? परवानगी द्यायची तर ती कोणत्या आदेशाने, हे त्यांच्यासमोर नव्हते.

पटावर नसण्याची किंमत कागदपत्रांतही मोजावी लागते. बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्याने जात वैधता प्रमाणपत्रासाठी अर्ज करायचा तर त्यावर महाविद्यालयाच्या प्राचार्यांची सही व शिक्का लागतो. ज्याला महाविद्यालयच नाही त्याने कोणाकडे जावे? व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेवरील प्रवेश याच कागदावर अवलंबून असतो. मुलींसाठी असलेला एसटीचा मोफत पासही शाळेच्या दाखल्यावरच मिळतो.

दुसरीकडे, नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि प्रत्यक्ष शिक्षण मोठ्या शहरातील खासगी क्लासमध्ये, अशी टाय-अपची पद्धत राज्यभर रुजली आहे. तिला आळा घालण्यासाठी शासनाने २०१८ मध्ये नागपूरसह काही विभागांत विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली, तरी ती थांबलेली नाही. वर्गात कधीही न बसलेल्या त्या विद्यार्थ्यांना पटावरील नावामुळे सगळे दाखले मिळतात. मी शाळेत जात नाही हे उघडपणे सांगून नियमाने परीक्षा देणाऱ्यांना मात्र प्रत्येक खिडकीवर आधी स्वतःचा खरेपणा पटवून द्यावा लागतो. याचे मला फार वाईट वाटते.

शिक्षण विभागाने प्रत्येक तालुक्यातील किमान एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयाला, बाहेरून परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रयोगशाळा खुली ठेवण्याचे लेखी आदेश द्यावेत. शुल्क ठरवून द्यावे आणि शिक्षकांना त्या दिवसांचे मानधन मिळावे. जात वैधतेच्या अर्जावर अशा विद्यार्थ्यांसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही ग्राह्य धरावी. पुढील परीक्षा ऑक्टोबरमध्ये आहे. यंदा दिवाळीची वाट न पाहता त्याआधीच्या सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळा खुली करण्याचा आदेश निघाला, तर यंदा बसणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होईल.

आपली,
एक विद्यार्थिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)