मुलांच्या वॉर्डात रात्री दोन नोंदणीकृत परिचारिका हव्यातच

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लांबला की पुण्यातील बालरुग्णालयांत डेंगीच्या मुलांसाठी खाटा मिळेनाशा होतात आणि खाटांच्या तुटवड्याच्या बातम्या सुरू होतात. त्या यायलाच हव्यात. परंतु खाट मिळाल्यानंतर त्या मुलाकडे रात्रभर कोण पाहते, हा प्रश्न अशा बातम्यांत बहुधा नसतो. मी शहरातील एका बालरुग्णालयात नोंदणीकृत परिचारिका आहे आणि केवळ याच प्रश्नाकडे पालकांचे व महापालिकेच्या आरोग्य विभागाचे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मोठ्यांच्या वॉर्डात बहुतेक औषधांचा डोस ठरलेला असतो. मुलांच्या वॉर्डात तो दर वेळी वजनावरून काढावा लागतो. अमिकासिन या नेहमीच्या वापरातील प्रतिजैविकाची दोन मिलिलिटरची कुपी १०० मिलिग्रॅमची मिळते, तशीच ५०० मिलिग्रॅमचीही मिळते. तीन किलोच्या बाळाला किलोमागे १५ याप्रमाणे ४५ मिलिग्रॅम औषध द्यायचे असेल, तर पहिल्या कुपीतून ०.९ मिलिलिटर आणि दुसरीतून जेमतेम ०.१८ मिलिलिटर घ्यावे लागते. घाईत कुपीची अदलाबदल झाली तर बाळाच्या अंगात पाचपट औषध जाते, आणि ते जास्त झाल्यास मूत्रपिंडाला व श्रवणशक्तीला इजा होऊ शकते. म्हणूनच एकीने औषध भरायचे आणि दुसरीने फाइल, वजन, कुपी व सिरिंज स्वतंत्रपणे तपासायची, अशी पद्धत आहे. ही पद्धत आम्हाला शिकवलेली असते, भिंतीवर लावलेली असते, मान्यतेच्या तपासणीत विचारलीही जाते. मात्र रात्रपाळीला वॉर्डात नोंदणीकृत परिचारिका एकटीच असेल, तर ही दुसरी तपासणी करायची कोणी?

डेंगीचेच उदाहरण पाहू. ताप उतरला की घरच्यांना हायसे वाटते, आईचा दोन दिवसांनी डोळा लागतो. परंतु मूल अत्यवस्थ होण्याचा धोका नेमका त्याच सुमारास सर्वाधिक असतो. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, नाडी जलद आणि क्षीण होते, आणि रक्तदाब मात्र बराच वेळ ठीक दिसत राहतो. लहान मूल हे सांगू शकत नाही, घंटाही वाजवू शकत नाही. त्याची नाडी, रक्तदाब आणि लघवी वारंवार, प्रसंगी तासातासाला मोजावी लागते आणि सलाईनचा वेग त्यानुसार बदलावा लागतो. न्यूमोनियाच्या बाळाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा असतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलेला आकडा तान्ह्या बाळाच्या बाबतीत फसवा ठरतो, कारण त्याचा श्वास एका लयीत चालत नाही. या कामांना लागणारा वेळ कितीही अनुभव असला तरी कमी होत नाही.

हे शासनाला ठाऊक नाही असे नाही. केंद्र सरकारच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटच्या निकषांनुसार सर्वसाधारण वॉर्डात सहा रुग्णांमागे एक परिचारिका, तर बालरुग्ण विभागात चार रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात प्रत्येक रुग्णामागे एक असावी. मुलांना अधिक मनुष्यबळ लागते हे सरकारी कागदावर मान्य आहे. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या हातपाय लुळे करणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, तेव्हाही खाटा, व्हेंटिलेटर आणि महागड्या इम्युनोग्लोब्युलिन इंजेक्शनांची चर्चा पुष्कळ झाली. हातपाय हलवू न शकणाऱ्या रुग्णाला ठरावीक वेळाने कुशीवर वळवणाऱ्या आणि त्याचा घसा सक्शनने मोकळा ठेवणाऱ्या परिचारिका किती आहेत, याबद्दल माझ्या वाचनात क्वचितच काही आले.

पुण्यातील अनेक बालरुग्णालये लहान आहेत, आणि काही ठिकाणी कामावरच शिकलेल्या मुली परिचारिकेचा गणवेश घालून काम करतात. त्यांच्या कष्टांबद्दल माझ्या मनात आदर आहे. परंतु जीएनएम या परिचर्या पदविकेची तीन किंवा बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षे पूर्ण करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी केलेली परिचारिका आणि त्या मुली, या दोघींनाही पालक ‘सिस्टर’ अशीच हाक मारतात, आणि त्यांच्यातला फरक पालकांना कुणी सांगत नाही. नोंदणीकृत परिचारिका टिकत नाहीत, अशी तक्रार रुग्णालये करतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २९ जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही किमान २०,००० रुपये मासिक वेतन असावे, अशी शिफारस केली होती. तेवढेही मिळत नसेल, तर अनुभवी मुली आखाती देशांत जाणारच. त्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

माझी मागणी मर्यादित आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांतील २०२१ च्या सुधारणेनंतर रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे रुग्णालयांना बंधनकारक झाले आहे. त्याच फलकाशेजारी, प्रत्येक पाळीत वॉर्डात किती मुले दाखल आहेत आणि किती नोंदणीकृत परिचारिका कामावर आहेत, हे दोन आकडे रोज लिहिले जावेत. दहा खाटांचा असला तरी मुलांच्या कोणत्याही वॉर्डात रात्री अशा किमान दोन परिचारिका असाव्यात. रुग्णालयाच्या नोंदणीच्या नूतनीकरणावेळी आरोग्य विभागाने केवळ प्रमाणपत्रांच्या छायाप्रती न पाहता मागील काही महिन्यांचे रात्रपाळीचे हजेरीपट मागवावेत आणि औषधांच्या नोंदींवर दुसरी सही कोणाची आहे, हेही तपासावे.

आपली विश्वासू,
एक नोंदणीकृत परिचारिका, पुणे