शाळेवरच्या खर्चाची वही

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माण तालुक्यातल्या एका वस्तीवर, जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत मी शिकवते. गेल्या महिन्यात आमच्याकडे नव्याने रुजू झालेल्या शिक्षण सेवकाने (म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर काम करणाऱ्या शिक्षकाने) पदरचे चार हजार घालून दहिवडीहून फ्लेक्स छापून आणले. पाढे, बाराखडी, ऋतू, प्राणी. त्याचं मानधन 16,000. त्यातच खोलीभाडं, खानावळ, पेट्रोल आणि गावी आईला पाठवायचे पैसे. मी त्याला त्या दिवशी काही बोलले नाही, कारण 2009 साली 3,000 रुपये मानधनावर मीही हेच करत होते. पण ती गोष्ट मनातून जाईना, म्हणून हे पत्र.

शिक्षकाने बचत कशी करावी हे सांगताना सगळे घरखर्चापासून सुरुवात करतात. माझा अनुभव असा, की आधी शाळेकडे बघावं. खडू संपले, आणले. चाचणीच्या झेरॉक्स काढल्या. स्पर्धेची फी एखाद्या पोराच्या घरून आली नाही, भरून टाकली. पोषण आहाराची भाजी आणि इंधन आधी आपल्या पैशांनी, बिल निघेल तेव्हा निघेल. नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं, तेव्हा अंड्यामागे 5 रुपये मंजूर होते आणि आमच्या दुकानात अंडं सात रुपयांना होतं. वरचे दोन रुपये कुठून आले, हे शिक्षकांना सांगायला नको. यातलं काहीच कुणी जबरदस्तीने करायला लावत नाही. समोर पोरं बसलेली असतात, हात आपोआप पर्सकडे जातो.

2016 च्या जूनमध्ये मी एक वही केली. शाळेसाठी पदरचा रुपया गेला की त्याच दिवशी त्यात लिहायचा. पुढच्या एप्रिलमध्ये बेरीज मारली, 11,460 रुपये! रंग, फ्लेक्स आणि लॅमिनेशन यांचेच निम्म्याहून जास्त. ज्ञानरचनावादाचे, म्हणजे पोरांनी स्वतः हाताळून, करून शिकावं या विचाराचे ते दिवस होते. आमच्याच जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, बघायला राज्यभरातून शिक्षक येत होते आणि आम्ही सगळे उत्साहाने वर्ग रंगवत होतो. त्या उत्साहाबद्दल मला आजही आदर आहे. पण दोन उन्हाळ्यांत माझे फ्लेक्स विटले, आणि त्याआधीच पोरांनी त्यांच्याकडे बघणं सोडलं होतं.

त्या वर्षापासून साहित्य पोरांकडूनच गोळा होतं. चिंचोके तर वस्तीवर पोत्याने मिळतात. पोरं ते दगडावर घासून दुभंगतात, एक बाजू काळी, एक पांढरी. असे दहा अर्धे चिंचोके ओंजळीत खुळखुळवून टाकायचे आणि काळे किती, पांढरे किती ते सांगायचं. सहा आणि चार, सात आणि तीन, पाच आणि पाच. दहाच्या सगळ्या जोड्या पहिलीच्या पोरांना आठवड्यात येतात. खराट्याच्या काड्यांचे दशक बांधायला सायकलच्या फाटक्या ट्यूबचे काप, ते पंक्चरवाला फुकट देतो. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर शब्दपट्ट्या. लग्नसराई सरली की पोरं पिशव्या भरून पत्रिका आणतात आणि आपल्या मामाच्या लग्नाच्या पत्रिकेवरचा शब्द कोणी विसरत नाही. विज्ञानासाठी मी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांकडे बघत आले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब एवढ्यावर त्रिकोण, चौकोन, घनाकृती शिकवता येतात हे त्यांनी कधीच दाखवून दिलंय. त्रिकोण दाबून वाकत नाही आणि चौकोन लगेच कलतो, हे पोराच्या बोटांना कळतं. फ्लेक्सवरून ते कळत नाही.

जे विकतच आणावं लागतं, त्याचे पैसे मागायला लाजू नये. सर्व शिक्षा अभियानात साहित्यासाठी शिक्षकाला वर्षाला 500 रुपये मिळत, ते बंद झाले. त्या अभियानाच्या जागी आलेल्या समग्र शिक्षा योजनेतून संयुक्त शाळा अनुदान येतं, 30 पर्यंत पट असेल तर वर्षाला 10,000. वीजबिल आणि स्वच्छतेचा खर्च भागवून फार उरत नाही, शिवाय रक्कम उशिरा येते, ही तक्रार खरी आहे. तरी खडू-कागद त्यातूनच यायला हवेत. पावती ठेवावी, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विषय घ्यावा, ठराव लिहून घ्यावा. वही उघडून दाखवली तेव्हा आमच्या समितीतले पालक गप्प झाले. बाई एवढं घालतात हे त्यांना माहीतच नव्हतं. त्या वर्षी पंख्याचे पैसे त्यांनी वर्गणी काढून जमवले.

घरचं थोडक्यात सांगते. माझी मोठी चूक म्हणजे पतसंस्थेचं कर्ज दर दोन-तीन वर्षांनी नवं-जुनं करत राहिले, म्हणजे मोठं नवं कर्ज काढून जुनं फेडत राहिले. हातात वाढीव रक्कम येते म्हणून बरं वाटतं, पण हप्ता दहा वर्षं हटला नाही. दुसरी चूक, भिडेखातर जामीन राहिले आणि चौदा महिने दुसऱ्याचा हप्ता माझ्या पगारातून कापला गेला. तिसरी, कर वाचवायला मार्चमध्ये घाईने घेतलेल्या विमा पॉलिसी. नव्या करप्रणालीत तर विम्याच्या हप्त्यावरची वजावटच मिळत नाही, मग घाई कशाची? विमा हवाच, पण तो कमावत्या माणसाच्या पश्चात घर चालावं म्हणून साधा मुदतीचा घ्यावा. बचतीसाठी पोस्टात महिना 100 रुपयांपासून आवर्ती ठेव उघडते. शिवाय आमचे पगार एका तारखेला होत नाहीत आणि बँकेचा हप्ता मात्र तारखेलाच जातो, म्हणून एक अख्खा पगार वेगळ्या खात्यात राखून ठेवावा. ते करायला मला तीन वर्षं लागली. आमची नेमणूक 1 नोव्हेंबर 2005 नंतरची, जुनी पेन्शन आम्हाला नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षानंतरचा विचार नोकरीच्या पहिल्या वर्षीच करावा लागतो, आणि शिक्षण सेवकाच्या तीन वर्षांत तो करायला कुणी शिकवत नाही. आसपासच्या शाळांच्या केंद्रात शिक्षकांची जी शिक्षण परिषद भरते, तीत वर्षातून एक तास त्यासाठी ठेवावा, अशी माझी शिक्षण विभागाला आपल्या वृत्तपत्रातर्फे विनंती आहे.

परवा त्या नव्या सरांना मी दोनशे पानी वही दिली आणि माझी दाखवली. यंदा आतापर्यंत 1,180 रुपये झालेत. त्यातले 740 समितीने ठराव करून परत दिले. उरलेल्या 440 ची पावती मी सभेत ठेवली नाही. त्या तिसरीतल्या एका मुलीच्या चपला होत्या.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
ता. माण, जि. सातारा