मनाचे दुखणे शरीर बोलते

संपादक महोदय,

छातीत धडधड, पोटात गोळा, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, अशा तक्रारी घेऊन माणूस दवाखान्यात जातो, ईसीजी आणि रक्ताचे अहवाल नॉर्मल येतात आणि ‘काही झालेले नाही, टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर त्याची बोळवण होते. माझ्या बहिणीच्या वाट्याला हे दोन वर्षे आले. अहवालांची फाईल जाड होत गेली. पण मनात काय चालले आहे, हे तिला कोणी विचारले नाही. वास्तविक हे दुखणे काल्पनिक नसते. ताण आला की ॲड्रेनालिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवतात, नाडी आणि रक्तदाब वाढतो, स्नायू आखडतात. हीच अवस्था महिनोन्‌महिने राहिली तर झोप, पचन आणि रक्तातील साखर यांची घडी विस्कटते. उलट दिशेनेही हे घडते. मधुमेह असलेल्या किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांमध्ये नैराश्य अधिक आढळते आणि नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला औषधे व पथ्य सांभाळणे जड जाते. (थायरॉईड ग्रंथी मंदावल्यानेही उदासी येते, त्यामुळे रक्ततपासणी टाळून चालणार नाही, हेही खरे.) १९४८ मध्ये अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेने आरोग्याच्या व्याख्येत शारीरिक आणि मानसिक स्वास्थ्य एकत्रच मांडले आहे. नैराश्याची प्राथमिक चाचपणी करणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली अवघ्या ९ प्रश्नांची आहे. दीर्घकालीन आजाराच्या प्रत्येक रुग्णाचा रक्तदाब मोजताना तीही भरून घेतली जावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक