काकांचं कपाळ

प्रिय संत्या,

तुझे सगळे व्हॉइस मेसेज ऐकले, डॉक्टरला घातलेल्या शिव्यांसकट. फोनवर सांगायला गेलो तर तू मधेच तोडणार म्हणून लिहितोय, चहा घेऊन बस. तुझा राग एवढाच ना की काकांचं, म्हणजे तुझ्या बाबांचं, तोंड रात्रीत वाकडं झालं, अख्खी आळी म्हणतेय अंगावरून वारं गेलं, आणि त्या डॉक्टरने स्कॅन न काढताच आठ्या घाला, डोळे मिटा, दात दाखवा असली नाटकं करून बेल्स पाल्सी (चेहऱ्याच्या नसेचा लकवा) म्हणून गोळ्या लिहून घरी पाठवलं. मला विचारशील तर माणसाने काम चोख केलंय. ती नाटकं नव्हती रे, त्याने काकांचा अख्खा मेंदू हाताने तपासला.

तूच सांगितलंस की काकांना उजवीकडे आठीच पडत नाही आणि डोळाही मिटत नाही. निम्मं निदान तिथेच झालं. चेहरा हलवणारी नस म्हणजे सातवी, फेशियल नर्व्ह. मेंदूपासून थेट निघणाऱ्या अशा नसांच्या बारा जोड्या आहेत. आता मोठ्या मेंदूतून ह्या सातवीला जो हुकूम येतो तो ओठ-गालासाठी मुख्यतः विरुद्ध बाजूच्या मेंदूतून येतो, पण कपाळाला दोन्हीकडून लाइन आहे, एक फेज गेला तरी दुसऱ्यावर चालतं. म्हणून वर मेंदूत अटॅक आला तर ओठ लोंबतो पण आठ्या पडतात. काकांचं कपाळ सपाट, भुवई खाली, ओठ पण खाली, म्हणजे बिघाड वर मेंदूत नाही, खाली नसेत. चार्ल्स बेल नावाच्या स्कॉटिश सर्जनने १८२१ साली ह्या नसेवर लिहिलं, त्याचंच नाव चिकटलंय.

आणि ते कुकरच्या शिट्टीचं! तू म्हणालास बाबा उगाच कुरकुरतायत, शिट्टी कानात घुसते म्हणून, आणि चहाला चव नाही म्हणून आईवर डाफरले. उगाच नाही ते. सातवी नस चेहऱ्यावर यायच्या आधी कानामागच्या हाडातल्या एका बारीक बोगद्यातून जाते, सगळ्यात अरुंद जागी तो एक मिलीमीटरपेक्षाही कमी आहे, आणि त्या वाटेत ती दोन कामं करते: कानातल्या एका इवल्याशा स्नायूला चालवते जो मोठा आवाज आला की कानातलं हाड आवरून धरतो, आणि जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव घेऊन येते. नस सुजली, बोगदा काही फुगत नाही, नस आवळली गेली, मग शिट्टी घुसते, चहा पाणचट लागतो आणि चेहरा लुळा पडतो. हे तिन्ही एकत्र असलं की भानगड त्या बोगद्यातच आहे हे कळतं. डॉक्टरने कानात बघितलं ते पाणी भरलेले फोड आहेत का म्हणून, कारण नागिणीचा व्हायरस पण हीच नस धरतो आणि मग औषध वाढवावं लागतं.

आता तुझा प्रश्न येणार, की नस मेंदूतून निघते तिथेच अटॅक आला असेल तर? बरोबर, तेव्हा कपाळ पण जातं. पण मेंदूच्या देठात सातवी नस सहावीच्या मुळाला वळसा घालून बाहेर पडते आणि सहावीचं काम डोळा बाहेरच्या बाजूला वळवणं. तिथे घाव पडला तर डोळा सहसा अडकतो, विरुद्ध बाजूचा हात-पाय पण ढिला पडू शकतो. म्हणून त्याने बोट फिरवून डोळे फिरवायला लावले आणि हात पुढे धरून डोळे मिटायला सांगितले (मिटला एकच, ते सोड), हात खाली सरकतो का बघायला.

घड्याळ आणि पेन दाखवून नाव विचारलं त्यात अपमान कसला वाटला तुला? उजवी बाजू गेली की संशय डाव्या मेंदूवर, आणि बहुतेकांची भाषा डावीकडे असते. १८६१ मध्ये पॅरिसला ब्रोका नावाच्या डॉक्टरकडे एक पेशंट होता, त्याला समजायचं सगळं पण तोंडातून जवळजवळ एकच शब्द यायचा, ‘तान’. तो गेल्यावर मेंदू बघितला तर डावीकडे पुढच्या भागात घाव होता. काकांचे फक्त प, ब, म फुसके येतायत कारण ओठ मिटत नाहीत, शब्द मात्र सगळे जागेवर आहेत, शिव्या तर विशेषच. नाकाला बोट लाव, सरळ रेषेत चाल, हे छोट्या मेंदूसाठी. तो वजनाने जेमतेम दहावा हिस्सा, पण चेतापेशी निम्म्याहून जास्त त्याच्यात. बाजूला बोटं हलवून दिसतात का विचारलं ते डोक्याच्या पार मागच्या भागासाठी, दिसण्याचा कारभार तिथे चालतो. बाकी जीभ बाहेर काढा म्हणजे बारावी, ‘आ’ करा म्हणजे नववी-दहावी, खांदे उडवा म्हणजे अकरावी.

आता महत्त्वाचं. स्टेरॉइड तीन दिवसांच्या आत सुरू झालं की फायदा जास्त, ते झालंय, पण काकांना शुगर आहे, ती वाढणार, रोज बघ. डोळा जपा, मिटत नसेल तर बुबुळ सुकून जखम होते: दिवसा ड्रॉप, रात्री मलम आणि पापणी नीट मिटवून टेप, पंख्याचा झोत तोंडावर नको. आत्याचं कबुतराचं रक्त आणि शेजाऱ्याचं च्युइंगगम दोन्ही बंद. चघळणं पाचव्या नसेचं काम आहे, त्याने सातवीला काय फरक पडणार? फुगे फुगवणं, करंटचं मशीन पण नको. नस परत वाढताना तंतू चुकीच्या स्नायूत घुसले की डोळा मिटला तर ओठ उडतो, म्हणून जबरदस्ती नाही. आरशासमोर हळू व्यायाम कसा करायचा ते मी शिकवतो, घाई नाही. दहातले सात जण तर औषधाविनाही पूर्ण बरे होतात, बहुतेकांना तीन आठवड्यांत हालचाल दिसायला लागते. तीन-चार महिन्यांत काहीच हललं नाही तर मात्र स्कॅन हवाच, तेव्हा मीच मागे लागेन.

पण हे वाचून उद्या कोणाचं तोंड वाकडं झालं तर घरी कपाळं तपासत बसू नकोस हं, सरळ हॉस्पिटल गाठायचं, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.

काकांचा व्हिडिओ दर रविवारी पाठव, समोरून, उजेडात, आठ्या-डोळे-दात ह्याच क्रमाने. मागच्या वेळी अर्ध्या व्हिडिओत तुमचा पंखाच होता.

तुझा,
पम्या