तानपुऱ्याला भोपळा देणाऱ्या तात्यांना

तात्या, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले तर तुम्ही "बरं बरं, पोरांचं बघा बाई" म्हणून फोन ठेवलात. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. नात वाचून दाखवेलच.

सोलापुरात शाळेत गाणं शिकवते त्याला वीस वर्षं झाली. पर्यावरण दिन आला की झाडांवरची तीच दोन-तीन गाणी बसवायची, मुलींना हिरव्या ओढण्या, हातात कागदाची पानं. कार्यक्रम संपला की ती पानं मैदानभर. माझा पर्यावरणाशी संबंध एवढाच.

मग शाळेचा तानपुरा पडला आणि त्याच्या बुडाच्या भोपळ्याला वीतभर चीर गेली. चार महिने मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर ढकलले. (त्याचा सूर हलत नाही, ते खरं. पण त्याला टेकून बसता येत नाही.) मिरजेला दुरुस्तीला नेला, तर कारागीर म्हणाले, भोपळा तुमच्याच जिल्ह्यातला, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, भीमाकाठचा. ज्या वाद्याला गाल लावून मी वीस वर्षं गायले, त्याचं माहेर इतकं जवळ, आणि मला पत्ताच नव्हता.

श्रावणात पस्तीस मुलं घेऊन तुमच्या बांधावर उतरले, तेव्हा तुम्ही पहिलं काय केलंत? पुढे धावणाऱ्या पोराचा हात धरलात. "बोट दाखवू नगंस, भोपळा कुजतोय." त्यानं घाबरून आपलंच बोट चावलं. मग तुम्ही मादीफूल दाखवलंत, पाकळ्यांमागे अंगठ्याएवढा लव असलेला भोपळा. ही पांढरी फुलं दिवस मावळताना उमलतात, रात्री पतंग येतात, म्हणून औषध मारायचंच झालं तर सकाळी, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत. पतंग नसेल तर तानपुरा नाही, हे माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं.

दुसऱ्यांदा आलो तेव्हा वेल वाळला होता. तुम्ही प्रत्येक भोपळ्यावर टिचकी मारत गेलात आणि मुलं मागोमाग. बद्द वाजला तर पुढं, टणक वाजला तर थांबायचं. सुरांचा एवढा एकाग्र तास मला वर्गात कधी जमला नाही. एका मुलीनं विचारलं, हा शिजवून खातात का? "कडू जहर हाय. दुधीचाच भाऊबंद, पण गाण्याशिवाय कामाचा न्हाई."

२०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मिरजेचा हक्कच आहे तो. पण तुमची भीती मुलांच्या लक्षात राहिली आहे: उजनी धरणातून पाणी सुटलं आणि नदी रानात शिरली की उभा वेल जातो. उसाला कारखाना आहे, भोपळ्याला मोजके कारागीर. पोरगं ऊस लाव म्हणतंय, हे सांगताना तुम्ही भोपळ्याकडे नाही, नदीकडे बघत होतात. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

तुम्ही दिलेल्या भोपळ्याचे पैसे घेतले नाहीत. मिरजेत तो भिजवला, कापला, आतून खरवडला आणि आमच्या तानपुऱ्याला बसवला. परत आला त्या दिवशी जोडीच्या तारा छेडल्या आणि मुलांना डोळे मिटायला सांगितलं. नेहमी खिडकीबाहेर बघणारा आठवीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, त्या रानात वारा सुटला होता ना, तसं वाटतंय." मी सा लावायचा विसरले.

यंदा पर्यावरण दिनाला ओढण्या नव्हत्या. मुलांनी तुमच्या टिचक्यांवर ठेका बांधला आणि वेलाचं गाणं स्वतः रचलं. यमकं कच्ची आहेत, पण पतंग त्यात आहे.

आणि पुडीत बांधून दिलेल्या बिया कुंपणाजवळ लावल्या होत्या. तीन उगवल्या, एक शेळीनं खाल्ली. उरलेल्यांपैकी एकीला परवा अंगठ्याएवढा भोपळा धरलाय. मुख्याध्यापक बघायला आले आणि "कुठाय, हा का?" म्हणत त्यांनी बोट पुढं केलं. पस्तीस पोरं एकदम ओरडली.

तुमची,
गाण्याच्या बाई