आईच्या साजातलं सोनं

कोल्हापूर,
१८ जानेवारी

प्रिय विश्वास,

आईला जाऊन सहा महिने झाले. परवा तिचा साज घेऊन गुजरीत गेलो. पानं धड होती, पण जवमणी चेपून फुटले होते. सोनारकाकांनी आधी आतली लाख जाळून काढली, मग तुकडे मुशीत टाकून वर चिमूटभर टाकणखार पेरला. ज्योत लागली तसे तुकडे लाल झाले, कडा एकमेकांत विरल्या आणि बघता बघता मुशीत एकच थेंब थरथरायला लागला. मला एकदम पन्हाळ्याची रात्र आठवली. तटावर पडून मृग नक्षत्र बघत होतो आणि तू विचारलंस, "तारा मरतो म्हंजे नक्की काय हुतं रे?" तेव्हा मला सांगता आलं नव्हतं.

आपल्या सूर्याचं मरण संथ असेल. सुमारे ५०० कोटी वर्षांनी तो फुगून तांबडा होईल, वरचे थर सोडून देईल आणि मागं पृथ्वीएवढा गाभा, म्हणजे श्वेतबटू, निवत पडेल. मृगातल्या काक्षीसारख्या दांडग्या ताऱ्याचं तसं नाही. त्याच्या पोटात एकेक मूलद्रव्य जळत लोखंडापर्यंत पोचतं आणि तिथं चूल विझते, लोखंडातून आणखी ऊर्जा निघत नाही. मग गाभा एका सेकंदाच्या आत ढासळतो आणि वरचं सगळं उधळलं जातं. १०५४ साली चिनी ज्योतिषांनी वृषभ राशीत असा तारा पाहिला, २३ दिवस तो भरदिवसा दिसत होता. आज तिथं त्या उधळणीचा ढग, क्रॅब तेजोमेघ आहे आणि त्याच्या मधोमध सेकंदाला ३० गिरक्या घेणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे ढासळून घट्ट दाबला गेलेला तो गाभा. वजन सूर्याहून जास्त, रुंदी जेमतेम २० किलोमीटर. कोल्हापूर ते पन्हाळा, विश्वास! एवढ्यात अख्खा सूर्य मावलाय.

असे दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वाकर्षणाच्या लहरी १७ ऑगस्ट २०१७ ला पृथ्वीवर टिपल्या गेल्या, १३ कोटी प्रकाशवर्षांवरून आलेल्या. मागाहून दिसलेल्या उजेडात जड मूलद्रव्यं घडल्याच्या खुणा होत्या. सोनं असल्या टकरींत तयार होतं. आईच्या गळ्यातलं सोनं पृथ्वीच्याही आधीचं होतं, आणि ती ते अंगावर घालून आपल्याला तांबडा रस्सा वाढायची.

काकांनी विचारलं, "थोडं नवं घालू?" नको म्हणालो. आहे तेवढ्यातच करा. चार मणी कमी भरले. आता साज धाकटीच्या गळ्यात आहे.

शिमग्याला ये. तेव्हाही संध्याकाळी मृग दिसतो. तटावर जाऊ.

तुझा,
दिलीप