रविवारची पालकसभा: हुशार मुलांमधला लपलेला डिस्लेक्सिया

सर्व पालक सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी साडेदहा वाजता शाळेच्या ग्रंथालयात आपली सभा आहे. आई-बाबा दोघांनाही जमलं तर उत्तम. मुलांना मात्र आणू नका, त्यांच्यासमोर हे बोलणं बरं नाही.

डिस्लेक्सिया म्हणजे शब्द वाचताना आणि लिहिताना येणारी मूळचीच अडचण. पण तल्लख मूल संदर्भावरून शब्द ओळखतं, धडा ऐकून पाठ करतं आणि गुण बरे आणतं. त्यामुळे शंकाच येत नाही. साधारण पाचवीनंतर वाचन वाढलं की ही ओढाताण दिसू लागते आणि तोवर आपण "आळशी आहे" म्हणून मोकळे झालेलो असतो!

येताना:

- मुलाच्या दोन-तीन वह्या आणा. निबंधाची हवीच. तोंडी छान सांगणारं मूल लिहिताना चार ओळींत आटोपतं का, ते पाहायचं आहे.
- घरी 'टमुखी', 'सर्भाण' असे निरर्थक शब्द वाचायला द्या. इथे अंदाज चालत नाही. अडखळणं म्हणजे निदान नव्हे, फक्त नोंद करा.
- आधीचा बुद्धिमत्ता चाचणीचा अहवाल असल्यास सोबत ठेवा. नुसता एकूण बुद्ध्यांक पुरत नाही, उपचाचण्यांमधली, म्हणजे चाचणीच्या वेगवेगळ्या भागांतल्या गुणांमधली, तफावत बघावी लागते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे; डिस्लेक्सिया त्यातच येतो. परीक्षेतल्या सवलतींसाठी अधिकृत प्रमाणपत्र लागतं. दहावीच्या तोंडावर धावपळ नको.

कोणत्याही मुलाचं नाव या ग्रुपवर लिहू नये. येणार असल्यास शुक्रवारपर्यंत कळवा.

– पालक समिती